आठ अक्षरं

मौनेश पत्तार कविता वाचत नाही.
अक्कलकोटकडच्या कन्नड शाळेत सातवीपर्यंत गेला,
मराठी अक्षरं त्याला नक्षीसारखी दिसतात.
ळ म्हणजे दोन वळसे.
क्ष म्हणजे डोकेदुखी.

मी चादरीच्या कारखान्यात बिलं लिहिते,
सहानंतर कविता.
सराफ बाजाराच्या मागच्या बोळात, त्याच्या पाटासमोर,
आमची भेट झाली ती एका कड्यासाठी.
गिऱ्हाईक : नागमणी गड्डम.
एकेचाळीस वर्षं विड्या वळून
नुकतंच सूप खाली ठेवलेलं,
फंडाच्या पैशातून स्वतःसाठी पहिली चांदी.
कड्याच्या आत ओळ पाहिजे, म्हणाली,
"माझ्या हाताबद्दल लिवा कायतरी.
सुनेबद्दल नको."

मी अकरा ओळी नेल्या.
त्यांत तेंदूची पानं होती, कात्री होती,
रोजचा हजाराचा आकडा, खोकला,
आणि पहाटेचा एक नळ.
मौनेशनं कागद काट्यात ठेवला.
खरंच ठेवला, गुंजांच्या समोरच्या पारड्यात.
"किती लिहालाव ओ ताई?
आत जागा आठ अक्षरांची.
खोदलं की चांदी जाते.
जेवढं बोलाल तेवढं कडं हलकं हुतंय."

तीन संध्याकाळी बसले तिथं.
गड्डा तोंडावर आलेला, तो लिंगाच्या चौकांना
कड्या लावत होता
आणि मी खोडत होते.
नळ गेला. कात्री गेली.
खोकला जाताना वाईट वाटलं.
"क्रियापद ठेवू का?"
"ते काय असतंय?"
"ओळ जिथं जोडतात ते."
"मग ठेवा की. जोडाबिगर कडं कसलं?"

उरलं ते असं :
हातात रग राहील.

त्यानं बोटांच्या पेरांवर मोजलं. आठ.
छिन्नीला तो कलम म्हणतो.
भिंग डोळ्यात दाबून, श्वास धरून
एकेक अक्षर त्यानं चांदीतून बाहेर काढलं,
न वाचता,
मी आजवर लिहिलं त्याहून सावकाश.

शेवटी जोड झाळताना
झाळेचा एक थेंब उडाला
आणि नेमका र च्या डोक्यावर बसला.

हातात रंग राहील.

मला आधी हसू आलं, मग घाम फुटला.
सांगितलं त्याला, हा ठिपका काय करतो ते.
सोन्यात पितळ निघावं तसा चेहरा करून
तो कानस शोधायला लागला.
"घासतो. माग बी राहणार नाही."

तेवढ्यात नागमणी आली, पायरीवर चप्पल काढून.
तिला वाचता येतं ते तेलुगू,
तेही दुकानांच्या पाट्यांपुरतं.
दोन्ही ओळी मी तिला म्हणून दाखवल्या,
ठिपक्याची आणि बिनठिपक्याची.
तिचं लक्ष नव्हतं.
तिनं कड्याच्या आतून अंगठा फिरवला,
तंबाखूतली काडी न बघता वेचणारा अंगठा.
आठही अक्षरांवरून तो सरळ घसरत गेला
आणि थेंबावर थांबला.

"हे काय?"
"चूक," मौनेश म्हणाला.
"राहू दे की बे.
एवढंच मला वाचाय येतंय."

जाताना मौनेशनं माझ्या हातावर पुडी ठेवली.
खोदताना निघालेली चूर, पाऊण गुंजही नसेल.
"तुमची मजुरी. अक्षरांतनं निघाली ती."
वहीत कन्नडमध्ये काहीतरी टिपलं.
काय लिहिलं, विचारलं, तर म्हणाला, घट.

पुडी बिलांच्या खणात आहे, अजून उघडली नाही.
नागमणी परवा दिसली अशोक चौकात,
मेथीच्या गाड्यापाशी.
भाव ऐकता ऐकता मनगटावर कडं फिरवत होती
हळूहळू,
आतला थेंब हाडाला लागेपर्यंत.