वीस अंशांची खोली

नवतपाचा चौथा दिवस.
हिंगणा एमआयडीसीतून स्कूटरवर
लीलाधर बावनकर शाफ्ट घेऊन आले,
जुन्या टॉवेलात गुंडाळून, पायांपाशी आडवा.
गाठ सोडायच्या आधीच म्हणाले,
"मी काय खोटं मोजलं का जी, मॅडम?"

बुटीबोरीच्या कंपनीनं चाळीस नग परत पाठवले होते.
व्यास ऐंशी मिलिमीटर,
खाली एकोणीस मायक्रॉनांची सूट, वर काहीच नाही.
ह्यांच्या शेडमध्ये भरला ७९.९९६,
त्यांच्या तपासणीच्या खोलीत ७९.९७९.
मधे सतरा मायक्रॉन.
केसाचा चौथा हिस्सा म्हणा,
किंवा चाळीस नगांचं पोलाद, वीज
आणि दोन पोट्ट्यांची हजेरी.

आज मोजता येणार नाही, मी म्हणाले,
रात्रभर इथं राहू द्या.
काळ्या ग्रॅनाइटवर ठेवला.
तो निवतो ते दिसत नाही,
हात लावून बघायची तर सोयच नाही.

ह्या खोलीला दोन दारं.
एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.
मी हातमोजे घालते ते थंडीसाठी नाही,
माझ्या बोटांची ऊब पोलादाला बाधते म्हणून.
श्वाससुद्धा मान वळवून सोडते.
अकरा वर्षं हेच:
मी नसल्यासारखी असते
तेव्हा आकडा बरोबर येतो.

सकाळी साडेआठलाच ते काचेपलीकडे उभे.
मी ठोकळ्यावर ठोकळा सरकवला, ते चिकटले,
ना डिंक, ना चुंबक,
नुसता तुळतुळीतपणा.
ऐंशीवर शून्य लावलं. मग शाफ्ट.
काटा हलला, थांबला.
उणे एकवीस.
फिरवून पुन्हा. उणे एकवीस.
दुसऱ्या टोकाला उणे वीस,
त्यानंही काही वाचत नव्हतं.

"म्हंजे मी खोटा."
"तुमचा मायक्रोमीटर कुठं असतो?"
"केबिनमधी. एसीत.
महागाचा हाये, उन्हात कसा ठेवू?"
"आणि शाफ्ट?"

बराच वेळ बोलले नाहीत.
पत्र्याखाली साडेबेचाळीस, केबिनमध्ये चोवीस.
फुगलेल्या पोलादाला
गारठलेल्या मापानं पकडलं होतं रोज,
आणि दोघांनीही आपापलं खरंच सांगितलं होतं.

दाराशेजारच्या थर्मामीटरकडे बोट करून म्हणाले,
"वीस डिग्री आमच्या शेडमधी असते कधी?"
"असेल. जानेवारीत, पहाटे."
तेव्हा हसले, पहिल्यांदा, पान खाल्लेल्या दातांनी.
"म्हंजे साऱ्या जगाचे ड्रॉइंग
जानेवारीच्या पहाटेवर काढलेले,
अन् आमचा लेथ चालते मे महिन्यात."
टॉवेलाची घडी केली, शाफ्ट तसाच खांद्यावर घेतला.
चाळीस नग भंगारातच गेले.
तेवढं माझ्या हातात नव्हतं.

गुरुवारी त्यांच्या शेडवर गेले.
कूलरचा वाळा कोरडा, पत्रा तडतडत होता.
लेथच्या बेडवर, नव्या शाफ्टाला लागून,
मायक्रोमीटरची निळी पेटी उघडी.
"सकाळपासून बसवला हाये," ते म्हणाले,
"दोघं बी एकाच उन्हात. आता बोलू द्या."
मी थर्मोकपलची तार आधी ह्याला लावली, मग त्याला.
एकेचाळीस. एकेचाळीस.
बावनकरांच्या पोट्ट्यानं मोजलं,
माझ्याकडे पाहिलं.
मी मान हलवली,
आणि लक्षात आलं,
माझा हात केव्हापासून शाफ्टवर होता.

शुक्रवारी कागद पुरे केले.
प्रमाणपत्रात तापमानाला एकच रकाना:
वीस, अधिक-उणे अर्धा.
सही केली. शिक्का मारला.
मग कार्यालयाच्या प्रतीमागे,
जिथं कुणी तपासत नाही तिथं,
पेन्सिलीनं लिहिलं:
हिंगणा. शेड. दुपारी सव्वादोन. एकेचाळीस.
मी, हातमोज्यांशिवाय.