उलट्या तोंडाची जागा

नळ स्टॉपच्या अलीकडे, दुसऱ्या मजल्यावर,
मेट्रोच्या खिडक्यांच्या पातळीत माझं टेबल.
इथून मी लोकांना बसवते
ताशी तीनशेच्या गाड्यांत.
स्वतः मिरजेच्या पुढे गेलेली नाही.

पडद्यावर डबा उघडतो, वरून छप्पर काढल्यासारखा.
राखाडी म्हणजे गेलेल्या, निळ्या म्हणजे उरलेल्या.
कोपऱ्यात घड्याळ उलटं मोजतं,
आणि ओटीपी पोचतो तिकडे कर्वेनगरात,
जिथे फोन चार्जिंगला आणि मालक आंघोळीला.
गेल्या जागा. पुन्हा पहिल्यापासून.
नाव पासपोर्टाप्रमाणे, आडनाव आधी की नंतर,
वडिलांचं नाव मध्ये मावत नाही.

पॅरिसला मध्यरात्र तेव्हा इथे पहाटेचे साडेचार.
स्वस्त जागा सुटतात त्या दिवशी
मी दूधवाल्याच्या आधी उठते.

हर्डीकर विचारतात, पास काढलाय ना?
मग जागेचे पैसे वेगळे कसले?
मी सांगते, काका, पास म्हणजे आमंत्रण.
पाट वेगळा मांडून घ्यावा लागतो.
ते म्हणतात, हे काही बरोबर नाही.
मी म्हणते, नाहीच. कार्ड कुठलं, डेबिट की क्रेडिट?

माझी एक वही आहे, कुणाला देत नाही.
तिच्यात खिडकीच्या अशा जागा
ज्यांना खिडकी नाही.
नकाशात असते, प्रत्यक्षात तिथे
दोन काचांमधला पत्रा.
परतलेल्या लोकांच्या तक्रारींतून जमवल्यात एकेक.
आल्प्सच्या जागी पत्रा पाहून आलेला माणूस
किती बारकाईने बोलतो!

सगळ्यांना तोंड पुढे हवं.
मळमळतं, चक्कर येते, शुभ नसतं,
किंवा नुसतं, पैसे भरतोय ना.
आणि गाडी फ्रँकफर्टात शिरते,
तिथे रूळ संपतात,
ती आली तशीच उलटी निघते.
पुढचे मागे. मागचे पुढे.
हर्डीकरांनी तिथून फोन केला होता,
आपल्याकडे रात्रीचे अकरा.
मी काय करणार?

मग मार्चमध्ये कुमुदिनीबाई टिपणीस आल्या.
पहिलाच पासपोर्ट, जन्म एक्कावन्नचा,
बर्लिन ते बाझल, एकच तिकीट.
म्हणाल्या, उलट्या तोंडाची मिळेल?
मी दोनदा विचारलं.
अगं, सुलट बसलं की सगळं अंगावर येतं
आणि बघेपर्यंत निसटतं.
उलट बसलं की गेलेलं गाव
जरा रेंगाळतं तरी.

खात्री देता येत नाही, मी म्हटलं,
आणि फ्रँकफर्टनंतर तुमचीच सुलट होईल.
मग उठेन, समोरच्या खुर्चीत जाईन.
ती दुसऱ्या कुणाची असेल, नंबर असतो.
विचारेन ना.
कुठल्या भाषेत?
त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले,
एक इकडे, एक तिकडे,
आणि अदलाबदल केली.

एकसष्ट नंबर दिला. वही बघून.
घड्याळात चाळीस सेकंद उरले होते,
ओटीपी त्यांनी मोठ्यांदा वाचला,
पाढा म्हणावा तसा.

जूनमध्ये फोटो आला, हललेला.
काचेत अर्ध्या त्या, अर्धं शेत,
आणि समोर एक दाढीवाला तरुण
एकसष्टवर बसलेला, हसत.
खाली लिहिलेलं, जमलं.

आज सहाला काम संपवून
मी वनाझकडची मेट्रो धरली.
इथे नंबर नाही, नकाशा नाही.
बाकं भिंतीला टेकून लांबच लांब,
बसणाऱ्याचं तोंड पुढेही नाही, मागेही नाही.
आयडियल कॉलनी येईपर्यंत उभी होते.
दोघींच्या मध्ये वीतभर फट दिसत होती,
ती काही रिकामी जागा नव्हे.
तरी विचारलं.