उतार

साखळी मीच लावली.
कौंटीच्या रस्ते खात्यात बावीस वर्षं झाली,
खड्डे बुजवले, मेलेली हरणं उचलली,
हेही एक काम म्हणून केलं, मंगळवारी, जेवणाआधी.
दोन खांब, एक साखळी, पितळी कुलूप,
आणि पाटी, जिचं शेवटचं अक्षर
रंग संपल्यामुळे जरा फिकट.

गॅस्कोनेड इथे इतकी वळते
की सकाळी उजव्या हाताला असलेली टेकडी
दुपारी पुन्हा उजव्याच हाताला भेटते.
नदीचं मूळ विचारू नये म्हणतात.
काठाचं मात्र विचारतात.
स्टॉटलमायरांची जमीन सेंट लुइसच्या एका दंतवैद्यानं घेतली
आणि मोजणीत निघालं
की आमच्या सिमेंटच्या उताराचे वरचे चाळीस फूट
त्याच्या कुंपणात येतात.

सभा झाली शाळेच्या जेवणघरात,
पहिलीतल्या मुलांच्या बाकांवर
गुडघे छातीशी घेऊन बसलो आम्ही.
वकील म्हणाला, पाणी सगळ्यांचंच आहे,
त्याला कुणाचीच हरकत नाही.
मासेही सगळ्यांचे.
फक्त पाण्यापर्यंत जाणं तेवढं खाजगी.
आम्हाला उतार हवा होता,
त्यानं उतारा दाखवला.

व्हर्लिन टॅकेट सभेत बोलला नाही.
बुधवारी पहाटे पाचला आला, नेहमीसारखा.
पिकअप वळवली, ट्रेलर मागे घेतला.
ज्यानं घेतला असेल त्यालाच कळेल:
ट्रेलर डावीकडे न्यायचा तर चाक उजवीकडे फिरवायचं,
हाताला आधी खोटं बोलायला शिकवायचं.
मला नवऱ्यानं हे इथेच शिकवलं, एका रविवारी,
आणि आमचं लग्न त्या दिवशी मोडता मोडता राहिलं.
व्हर्लिन आरशात बघतसुद्धा नाही.
साखळीपासून वीतभर अलीकडे थांबला.
उतरला. नावेत चढला.
ट्रेलरवरच्या नावेत, कोरड्यावर,
मधल्या फळीवर बसला, थर्मास उघडला,
आणि खाली धुक्यात वाजणाऱ्या पाण्याकडे
बघत राहिला.
सातला घरी गेला.
गुरुवारी तसंच.
शुक्रवारी गळाला आमिषही लावून बसला होता.

मी खात्याच्या गाडीतून बघत होते.
नोंद कर, असं वरून सांगितलं होतं.
काय नोंदवू?
एक इसम, वय अठ्ठ्याहत्तर,
रस्त्यावर नावेत बसलेला आढळला.
मासे: शून्य.

मे महिन्यात नदी चढली.
तिनं मोजणी पाहिली नव्हती.
आधी उतार, मग चाळीस फूट, मग साखळी,
कुलूप बुडालं, पाटी बुडाली, ते फिकट अक्षरसुद्धा.
गॅरेजवाला डॉयल म्हणाला,
आता व्हर्लिनची नाव ट्रेलरवरून आपोआप तरंगणार बघ.
झाली असती छान गोष्ट.
पण पुरात नाव घालणाऱ्यातला नाही तो.
दहा दिवस पोर्चवर बसून
गळ घासत राहिला, एकेक करून,
आणि बायकोला म्हणाला, पाणी गढूळ आहे अजून.

ओसरल्यावर गाळ माझ्या वाट्याला.
दीड हात.
त्यात एका पायाचा बूट, लहान मुलाची खुर्ची,
आणि फुगलेला एक कॅटफिश, ज्याला मी
कुणाचा म्हणून टाकायचा ते कळेना.
दंतवैद्याला फोन केला.
तो म्हणाला, गाळ कौंटीचा.
उताऱ्यावर गाळाचं नाव नव्हतं.

गाळ काढायचा तर साखळी काढावी लागते,
खात्याचा नियमच आहे.
किल्ली माझ्याकडे.
काम चार तासांचं, फार तर पाच.
आज नववा दिवस.
पहाटे पाचला मी नळी घेऊन खांबापाशी येते
आणि खांबाजवळचा एकच फूट धूत बसते,
रस्त्याकडे पाठ करून.
मागून पिकअप येते.
कडी वाजते, पट्टा सुटतो,
नावेचा तळ सिमेंटवरून घसरत जातो.
मी पाणी मोठं सोडते.
एवढ्या आवाजात
कुणालाच काही ऐकू आलं नसतं.