एका बाजूला एकोणसाठ

उद्यमबागेत माझ्या शेडसमोर
ट्रेलरवरून उतरवलीय त्यांनी निपाणीची इम्पाला.
भरमगोंडा शेठचा नातू म्हणतो,
"मावशी, ओरिजिनल करायची. इंजिनासकट."
मी ग्राइंडिंगवरून हात काढत नाही.
क्रँकशाफ्टचं काम मायक्रॉनचं असतं,
ओरिजिनल थांबू शकतं.

नजर मात्र जाते मागच्या पंखांकडे.
उजवा आडवा पसरलेला, घारीनं वाऱ्यावर अंग टाकावं तसा,
खाली मांजराच्या डोळ्यासारखा लांबट लाल दिवा.
डावा दस्तगीर डेंटरचा.
तवंदी घाटात लॉरी घासली तेव्हा
बॅरलचा पत्रा, लाकडी हातोडी आणि स्वतःचं मत
एवढ्यावर त्यानं तो उभा केला:
"इतकं पंख कशाला गाडीला, उडणार हाय का?"
एका बाजूला एकोणसाठ, दुसऱ्या बाजूला दस्तगीर.

पुढं पेढीवरच्या कॅटलॉगांच्या गठ्ठ्यात मी बघितलं,
तिकडं अमेरिकेतसुद्धा दुसऱ्या साली पंख चेपले,
लांबट डोळे काढून तीन-तीन गोल दिवे बसवले,
तिसऱ्या साली पंखच नाहीत, शेपूट साफ.
म्हणजे दस्तगीरचं बरोबर होतं.
फक्त पगार आला नाही त्याला तिथनं.

स्टिअरिंग डावीकडं. पुढचं काही दिसायचं नाही बाबांना,
म्हणून नऊ वर्षांची मी उजवीकडं, खिडकीतून डोकं काढून:
"थांब, ट्रक हाय. आता जा, जा, जा!"
आणि ते आठ सिलिंडर,
चार इकडं चार तिकडं, पंगतीला बसल्यागत,
न बोलता रस्ता जेवायचे.
संकेश्वर, हत्तरगी, यमकनमर्डी, काकती.
बॉनेटवर तंबाखूची चिमूट ठेवली तरी हलायची नाही.
शेठ ती मग तोंडात टाकायचे.

पेट्रोल महागलं.
शेठनी एका संध्याकाळी टाकीचं झाकण काढून
आटलेल्या विहिरीत बघावं तसं आत बघितलं.
"परशराम, हिला डिझेलवर आण."

चेन-पुलीला आठ सिलिंडर टांगले,
खाली मॅटाडोरचे चार ठेवले.
उरलेल्या जागेत एक बकरी आरामात बसली असती.
मधली प्लेट इथंच ओतली,
दोन गिअरचं आपोआप बदलणारं खोकं गेलं,
चार गिअरचं आलं, दांड्यासकट.
चिमूट काही टिकली नाही त्यानंतर.
आरसा थरथरायचा, मागचं सगळं दोन-दोन दिसायचं:
दोन वखारी, दोन शेठ,
दोघंही खूश, हिशोब वहीत बसला म्हणून.

"आणि ते जुनं इंजिन?" नातू विचारतो.

मी मशिन बंद करते.
तीन वर्षं होतं ते शेडमागं, ताडपत्रीखाली.
मग फाउंड्रीत भंगार कमी पडलं.
घण बाबांनी उचलला नाही, माझ्या हातात दिला.
सतरा वर्षांची होते मी.
ओतीव लोखंड ठिसूळच, तिसऱ्या घावाला एक बाजू सुटली,
आत बोअर इतका चकचकीत
की माझं तोंड त्यात लांबट दिसलं.
त्या दिवशी पंपाच्या बॉड्या ओतल्या, एकेचाळीस.
कुठली घटप्रभेवर गेली, कुठली दूधगंगेवर,
कुणी लिहून ठेवलं नाही.

"ओरिजिनल पाहिजे तर," मी म्हणते,
"रात्री थ्री-फेज आल्यावर चिकोडीकडं जा.
उसाच्या कडेनं गाडी बंद करून उभा राहा."

तो हसतो. मोबाइलवर फोटो काढतो,
उजव्या पंखाचा.
मी डाव्यावर हात ठेवते.
चार थर रंगाखाली
बॅरलवरची अक्षरं अजून बोटाला लागतात, उलटी.
क्रँकशाफ्ट अजून दोन मायक्रॉन जाड आहे.