दोनशे छप्पनची वाटणी

आईने बारीहून पाठवलेला लॅपटॉप एकच,
आणि आम्ही दोघं.
लाशाला खेळांसाठी विंडोज हवं.
मला लिनक्स, कारण कॉलेजातलं काम त्यावर चालतं,
आणि कारण लाशाला ते येत नाही.

सप्टेंबरातला शनिवार. कुताइसीतली आमची अर्धी गल्ली
द्राक्षं खुडायला गावाकडे गेलेली.
आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाटणीला बसलो.
दोनशे छप्पन जीबी. निम्मं-निम्मं.
कागदावर सोपं होतं.

विंडोज सरकेना.
मोकळी जागा दीडशे, सोडायला तयार चार.
मधोमध एक फाइल ठिय्या देऊन,
मोजणीच्या दिवशी म्हातारा शेतात खाट टाकतो तशी.
झोपेची फाइल होती ती:
निजताना यंत्र आपलं ध्यान जिथे ठेवतं ती.
काढून टाकली.
बांध हलला.

मग इन्स्टॉलर म्हणाला, डिस्क दिसत नाही.
जिच्यावरून आम्ही दोन तास भांडलो,
ती डिस्क, त्याला दिसत नाही!
बायोसमध्ये शिरले. निळा पडदा, माउस मेलेला,
मागून लाशा: "नेस्तान, काहीतरी उडवशील."
एकच शब्द बदलला.
डिस्क दिसली. विंडोज उठेना.

लाशाने माझ्याशी बोलणं टाकलं.
शेवटी मालखाझला फोन केला.
तो वेलींच्या रांगेतून, तोंडात अर्धा घोस,
"आधी सेफ मोडमधून उठव एकदा,
घाबरलंय ते," म्हणाला.
खरंच घाबरलं होतं.

संध्याकाळी सगळं बसलं. रीस्टार्ट.
आणि थेट विंडोज, जणू दिवसभरात
या घरात कुणी आलंच नव्हतं.
मागचे पाढे पंचावन्न.
नवं बिऱ्हाड आत होतं, सामानसुमानासकट,
फक्त दारावरच्या यादीत नाव खाली होतं.
ते वर घेतलं.
काळा पडदा, चार ओळी, दहा सेकंद.
"तुझं पहिलं का?" लाशा बोलला एकदाचा.
दहा सेकंद संपले, आम्ही भांडतच होतो.

घड्याळाचं मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही.
माझी बाजू वेळ लिहिते ग्रीनिचची,
त्याची बाजू तीच आपली समजून वाचते.
एका ओळीचं काम.
ती ओळ मी नंतर टाकली.

त्याआधी आईचा फोन आला, लाशाच्या बाजूला.
तिच्याकडे सात.
सिन्योराचं जेवण आटोपून ती जिन्यात बसलेली.
"किती वाजले तिकडे?"
"पाच," लाशा, पडद्याचा कोपरा बघून.
"नऊ," मी, हातातल्या फोनवर.

आईने दोघांपैकी कुणाचंच ऐकलं नाही.
आमच्या खांद्यांमधून मागच्या खिडकीकडे
बघत राहिली थोडा वेळ.
"अंधार पडलाय की," म्हणाली.
"दिवा लावा. आणि काही खाल्लंत का?"