परमिट

नरडाण्याच्या माळावर जाळी ताणलीय, दीड एकर.
केळीवर टाकतात तसली हिरवी नाही,
तांब्याच्या रंगाची. खाली बाजरी पेरता येईल म्हणे.
हेमांगी भामरे मॅडम सांगत होत्या :
पुढं कधीतरी वीज वरून येईल,
छत्तीस हजार किलोमीटरवरून, तारेशिवाय.
आज नुसती समोरच्या टेकडीवरून,
एका बल्बापुरती.

पारा सेहेचाळीस. चपला डांबराला चिकटतायत,
आणि ऊन आणायला माणसं आभाळात जाणार!
सगळे हसले. झिपरू नाही हसला.
"रातले बी येस ना पण," एवढंच बोलला.
आठ वर्षं रात्रीच्याच लाईटवर पाणी भरतोय तो,
मोटरीपाशी, विंचवांच्या संगतीत.

"बगळा भाजाई जाई का वं बाई?"
मॅडम म्हणाल्या, झोताच्या मधोमध उभं राहिलं तरी
दुपारच्या उन्हाच्या पावपट.
पावपट!
खान्देशात त्याला सावली म्हणतात.

मागून कुणीतरी, हळूच :
"मंग आकडा कोठे टाकाना?"

मी एकतीस वर्षं वायरमन.
आकडे काढले, फ्यूज बांधले,
वादळात आडवे झालेले खांब मोजले बोटांवर.
उत्तम सोनवणे चढला होता तेव्हा
लाईन बंद होती. कागदावर.
परमिटवर सही माझी होती.
तिकडं कुणीतरी हँडल वर केलं,
कुणी, ते चौकशीत आलं नाही.
तेव्हापासून मी बंद तारेलाही
आधी विचारून हात लावतो.

आठ वाजता बल्ब लागला.
माझा हात आपसूक खिशातल्या टेस्टरकडे.
कुठं लावू? टेकडी आणि जाळीच्या मध्ये
नुसता अंधार होता, साधा, रोजचा.
एक टिटवी त्यातून ओरडत गेली
आणि पलीकडे निघालीसुद्धा.

लोक पांगले, मग मी विचारलं,
"मॅडम, बंद करायची तर फोन कुणाला?"
त्या म्हणाल्या, जाळीतून वर सतत एक खूण जात राहते.
ती थांबली की वरचा झोत आपला आपण विस्कटतो,
जमिनीवर पोचेपर्यंत त्यात दम उरत नाही.
"म्हणजे खालच्यानं हो म्हटलं तरच?"
"तरच."
मी दोनदा विचारलं. त्यांनी दोनदा सांगितलं.

आणखी एक सांगितलं त्यांनी, हसत :
दिवसरात्र सारखे होतात त्या सुमारास, वर्षातून दोनदा,
काही आठवडे रोज मध्यरात्री
पृथ्वीचीच सावली पडते त्याच्यावर, तासभर.
म्हणजे तिथंही लोडशेडिंग.
ऐकून बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

फटफटीवरून परत येताना
सवयीनं खांब मोजत आलो.
एकशे बारा.
एकशे तेराव्यापाशी थांबलो. दक्षिणेला वर बघितलं,
जिथं तो उभा राहणार आहे म्हणतात,
न हलता, न मावळता.
तिथं चढायचं नाही कुणाला.
उत्तम,
तिथं चढायचंच नाही.