वरचे सूर

पिपाचा तळ आधी बसवावा लागतो.
बसवायचा म्हणजे घणानं खाली ढकलत राहायचं
सपाट पत्र्याची कढई होईस्तोवर.
दीड दिवस. हजारो घाव,
आणि प्रत्येक घाव परत येतो
घण मारणाऱ्याच्याच डोक्यात.
हे अ‍ॅन्सेल्मनं पहिल्या दिवशी सांगितलं नाही.
पहिल्या दिवशी त्यानं फक्त विचारलं,
जेनेल, नखं कापलीस का?

लावेंतीलच्या चढावर त्याची शेड,
खाली पोर्ट ऑफ स्पेन, आखातात थांबलेली जहाजं.
एकेचाळीस वर्षं तो इथे पिपांना सूर लावतोय.
कानात बोळे घालावेत भित्र्यांनी, म्हणायचा त्याचा गुरू.
गुरूचा गुरू काहीच म्हणत नसे,
त्याला प्रश्नच ऐकू जात नसे.

टेनर पॅनवर मोठे सूर कडेकडेनं,
बारके मधोमध, नाण्याएवढे.
कान झिजतो तो या नाण्यांपासून.
खर्ज शाबूत राहतो, ट्रकची घरघर, दाराची धाडधाड,
म्हणून माणसाला वाटतं
आपलं सगळं जागच्या जागी आहे,
लोकच हल्ली पुटपुटतात.
रात्री त्याच्या डोक्यात एक किटली उकळते.
ती उतरवायला कुणी उठत नाही.

कार्निव्हलला तीन आठवडे होते
तेव्हा मिस युलालीनं मला फाटकाबाहेर गाठलं.
वरचे सूर चढलेत गं, म्हणाली. त्याला बोलू नकोस.
मग मी रात्री यायचे,
बारका हातोडा, यंत्राची हिरवी सुई,
अंगावरची शाल पॅनखाली अंथरून.
सात रात्री, चोरासारखी.
चोर निदान काही घेऊन तरी जातो.

आठव्या सकाळी त्यानं अंगठा फिरवला
मधल्या एका नाण्यावरून, आणि थांबला.
इथे माझा हात नाही, म्हणाला.
किती सूर?
नऊ.
त्यानं मान हलवली. त्याचा अंदाज सहाचा होता.

समोरच्या तारेवर किस्कडी बसला होता,
पिवळ्या पोटाचा, चोच उघडीमिटी.
इथले लोक सांगतात, तो जुन्या फ्रेंचमध्ये विचारतो:
काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?
अ‍ॅन्सेल्म चोचीकडे बघत राहिला.
ओरडतोय का?
हो.
काय म्हणतोय?
मी हसले. मग मला हसता येईना.

त्याच आठवड्यात तो मला सान फर्नांडोला घेऊन गेला.
मला वाटलं, स्वतःसाठी चाललाय.
तिथल्या बाईनं माझ्या कानांत गार लगदा ओतला,
मिनिटभर जग बुजलं,
आणि अ‍ॅन्सेल्म खिशातून घामेजल्या नोटा मोजत होता.
माणसं कानाला खडा लावतात.
मी दोन लावले,
मऊ, गुलाबी, माझ्याच कानांच्या आकाराचे.
ते घातले की घण दूर जातो, शेजारच्या गल्लीत,
पण सूर चढलाय की उतरलाय ते कळतं.

कार्निव्हलच्या मंगळवारी
ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर,
आणि त्यांना छाती टेकून नाचणारी पोरं.
मी खिशातली फोमची पाकिटं वाटत चालले होते.
निळ्या पिसांच्या मुकुटाचा एक जण ओरडला,
मग ऐकू कसं येणार?
उद्या येईल, मी म्हटलं.
त्याला ते ऐकू गेलं नाही.
पाकीट मात्र त्यानं घेतलं, मुकुटात खोचलं.

आता खर्जाची पिपं तो लावतो, टेनर मी.
संध्याकाळी गुलाबी खडे काढून
मी शेडमागे जरा उभी राहते.
शीळ नाही. अजून तरी नाही.
बेडूक आहेत, कुणीतरी टाकी घासतंय,
खालच्या आळीत रेडिओवर क्रिकेट.
आतून अ‍ॅन्सेल्म, नको तितक्या मोठ्यानं:
आला का गं तो?
मी तारेकडे बघते.
मग आठवतं, मान हलवून उपयोग नाही, भिंत आहे मध्ये,
आणि मीही ओरडते: आला!